फेस मनगटातनं येतो

आण्णा, तू जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. घरी येणारी माणसं समजूतदार आहेत. येतात, चटईवर बसतात, "सोन्यासारखा माणूस गेला" म्हणतात, चहाला आधी नको म्हणतात आणि मग घेतात. मी मान हलवतो. सोन्यासारखा वगैरे तू नव्हतास. तुझ्या उजव्या मनगटात होतं ते पोलाद होतं, आणि ते घालून घेण्यावरनं तुझं-माझं जे वाजलं होतं ते अजून मिटलेलं नाही. असं अर्ध्यावर उठून जायचं नसतं. गिऱ्हाइकाला अर्धा ग्लास देऊन तू कधी उठला होतास का?

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो. आमच्या कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीत गवळी म्हशी घेऊन येतात आणि माणसाच्या डोळ्यांदेखत ग्लासात धार काढून देतात. त्यांतला एक तू. आणि मी तुझा धाकटा भाऊ, शाळेत भूगोल शिकवणारा आणि म्हशीला भिणारा. आपल्या घरात वाटणी कधी झाली नाही. म्हशी तुझ्याकडं गेल्या, नकाशे माझ्याकडं आले, आणि आईनं दोघांकडं बघून सुस्कारा टाकला. तो कुणासाठी होता हे तिनं सांगितलं नाही. मला आपला अंदाज आहे.

तुझी सगळी इज्जत फेसावर होती. दूध तर काय सगळेच देतात, तू म्हणायचास, ग्लासावर फेसाचा डोंगर पायजे, आणि गिऱ्हाईक पैसं काढंस्तवर तो बसाय नको. माणूस मिशीला फेस लावून हसला की तू पुढच्याकडं वळायचास. नव्या माणसाला तर तू धडाच द्यायचास, "पावणं, पीळ बोटाचा, पर फेस मनगटातनं येतो." आणि धार काढता काढता मनगटाला एक बारीक हिसका. मी शेजारच्या कट्ट्यावर बसून म्हणायचो, "आण्णा, दूध ताजं आहे, कोमट आहे, जोरात पडतंय. फेस म्हशीचा आहे. तुझ्या मनगटाचा काय संबंध?"

"मग तू काढ की मास्तर."

इथं वाद संपायचा, कारण धार काढायची तर हौशीच्या अंगाखाली बसावं लागलं असतं. हौशी म्हणजे तुझी लाडकी म्हैस. तिला तुझ्याशिवाय कुणी आवडायचं नाही, आणि मी तर तिला विशेषच आवडायचो नाही.

मग बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली तुझं उजवं मनगट सुजलं. अंगठ्याच्या बाजूला, हाताच्या जरा वर. आपल्याकडं मनगट दुखलं की ते लचकलेलंच असतं, आणि लचक म्हटली की तालीम. तालमीतल्या वस्तादांनी तुझा हात मांडीवर घेतला, तेल लावलं, धोत्र्याचा पाला गरम करून बांधला. चार दिवस बरं वाटायचं, पाचव्या दिवशी तू परत जायचास. सूज काही उतरेना. मीही तुला दवाखान्यात जा म्हटलं नाही, उलट बरोबर येऊन वस्तादांच्या जुन्या कुस्त्या ऐकत बसायचो. एका सकाळी वस्तादांनी नेहमीसारखं मनगट धरून ओढलं आणि आतनं वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. तू ओरडला नाहीस. वस्तादांचा चेहरा मात्र मी कधी विसरणार नाही. एवढा डोंगराएवढा माणूस तुझा हात तसाच मांडीवर धरून बसला आणि म्हणाला, "ही लचक न्हवं रं पोरा. ह्यात कायतरी हाय. मी कुठं हात लावत बसलो."

मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. हाताच्या लांब हाडाचं मनगटाकडचं टोक फुगलेलं होतं आणि त्याचं वरचं कवच अंड्याच्या टरफलाएवढं पातळ उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आत गाठ आहे. हे बुडबुड्यांसारखं दिसतंय ना? आम्ही याला साबणाचा फेस म्हणतो."

तू फोटोकडं बघितलंस. मग म्हणालास, "डाक्टर, फेस म्हंजे आमचाच धंदा की."

डॉक्टर हसले नाहीत. मी हसलो.

आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आल्यावर डॉक्टरांनी आपल्याला बसवून समजावलं. गाठ अंगभर पसरणाऱ्या जातीची दिसत नाही, पण नुसती खरवडली तर परत येईल. हाडाचा तेवढा भाग काढावा लागेल. पूर्वी असला हात तोडायचे. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे पायातलं एक बारीक हाड काढून तिथं बसवायचं. ते आपलंच हाड, जुळून येतं, हात भक्कम होतो. पण मनगट कायमचं ताठ, वाकणार नाही. दुसरी वाट म्हणजे पोलादाचं टोक घडवून बसवायचं. त्यात मनगट थोडंफार वाकेल. पण जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, आणि पुढं मागं ते ढिलं पडलं तर परत टेबलावर यायचं.

"तुम्ही काम काय करता?"

"धारा काढतो."

"मग तुम्हाला भक्कम हात हवा. ताठ मनगटानं मूठ चांगली आवळता येते. मी तुमच्या जागी असतो तर पायाचं हाड घेतलं असतं."

"त्यानं मनगाट वाकंल का?"

"नाही म्हणालो ना."

"मग लोखंड घाला."

"लोखंड नव्हे. न गंजणारं पोलाद."

"ते घाला."

परतीच्या एसटीत मी जयसिंगपूरपर्यंत गप्प बसलो, आणि मग जे सुरू झालो ते हातकणंगल्यापर्यंत. डॉक्टर शिकलेला माणूस आहे, स्वतः सांगतोय, पाय तुझा तुलाच उपयोगी पडतोय, दहा म्हशींची धार काढशील, आणि तू पोलाद मागतोस कशासाठी? पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. तू खिडकीतनं ऊस बघत होतास. गळ्यात अडकवलेला हात दुसऱ्या हातानं धरला होतास. शेवटी म्हणालास, "ताठ हातानं दूध निघंल मास्तर. फेस न्हाय निघायचा."

"फेसासाठी?"

"मग कशासाठी?"

"आण्णा, फेस म्हशीचा असतो."

तुझ्यापुढं वर्षानुवर्षं हेच वाक्य टाकत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते गमतीनं टाकलं नव्हतं. तुलाही कळलं असणार, कारण तू "मग तू काढ की" म्हणाला नाहीस.

डॉक्टरांनी पोलादाचं माप तुझ्या डाव्या हाताचा फोटो काढून घेतलं. उजव्याचं टोक गाठीनं खाऊन टाकलेलं, माप घेणार कशाचं? डाव्याचा फोटो उलटा करून त्यावरनं उजवं घडवलं. मला ती कल्पना फार आवडली. मी ती वर्गात सांगितली, नकाशा उलटा धरला की काय होतं ते शिकवताना. पोरांना नकाशा कळला नाही. तुझा हात कळला.

शस्त्रक्रिया झाली. हात कोपरापर्यंत प्लास्टरात गेला आणि तू अंथरुणावर. कट्ट्यावरची आपली जागा रिकामी राहिली. गोठ्यातल्या धारा वैनी काढायला लागल्या. एकदा त्यांना ताप आला, आणि धाकट्या भावाचं कर्तव्य माझ्या अंगात संचारलं. मी धोतर खोचलं, कासेला पाणी मारलं, तोंडानं तुझ्यासारखं चक्-चक् केलं. हौशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. हेडमास्तर तपासणीला आल्यावर बघतात तसं. मग तिनं शेपटीनं माझा चष्मा उडवला आणि पायानं बादली. तू खिडकीतनं बघत होतास. "ती पान्हा चोरती रं. तुझ्या हाताला शाईचा वास हाय." वैनी तापातही पदर तोंडावर घेऊन हसल्या. बादली पालथीच होती. त्या घरात कित्येक आठवड्यांनी कुणीतरी हसलं होतं. म्हणून मी पडलेला चष्मा लगेच शोधला नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आतनं निघालेला हात तुझा वाटेना. बारीक, पांढरट, लांब वणाचा. डॉक्टरांनी कोमट पाण्यात हात धरून रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. तू दोन दिवस दाबलास आणि चेंडू शेजारच्या पोरांना देऊन टाकलास. मग रोज गोठ्यात जाऊन हौशीच्या कासेवर नुसता हात ठेवून बसायचास. धार काढायची नाही, फक्त आवळायचं आणि सोडायचं. "कोमट पाण्यापेक्षा ही कोमट हाय." ती बया तासभर हलायची नाही. मी गोठ्याच्या दारात उभा राहून तुझं मनगट बघायचो. वाकतंय का? थोडं. काल होतं तेवढंच. आज जरा जास्त. भूगोलाच्या मास्तरला डोंगर इंचाइंचानं वर येतात हे माहीत असतं. ते कधी डोळ्यांनी बघायला मिळत नाही.

तू परत कट्ट्यावर आलास ती संध्याकाळ. मी आलोच होतो, वस्तादही आले होते. ते सहसा तालमीतनं बाहेर पडायचे नाहीत. शेजारच्या गवळ्यांनी तुझी जागा मोकळी ठेवली होती. तू बसलास, ग्लास डाव्या हातात धरलास आणि उजव्या हातानं धार लावलीस. चेहरा कोरा. पहिला ग्लास मला दिलास. वर फेस होता, पण डोंगर नव्हता. टेकाड म्हणावं इतका.

"फेस कमी आहे," मी म्हणालो.

"तुझ्या ग्लासात कमीच यायचा."

दुसरा ग्लास वस्तादांना. ते तो हातात धरून उभेच राहिले. "वस्ताद, प्या की, बसतोय तो," तू म्हणालास. ते म्हणाले, "बसू दे. मला बघू दे." आणि फेस पार विरून गेला तेव्हा कुठं त्यांनी दूध तोंडाला लावलं.

खरं काय ते तुला-मला दोघांनाही माहीत होतं. उजव्या हातानं चार-पाच ग्लास, त्यापुढं बोटं ऐकायची नाहीत. बाकी सगळं डाव्यानं. म्हशी कमी केल्यास. हौशीनंतर दुसऱ्या म्हशी आल्या, पण दावणीला दोनच्या वर बांधल्या नाहीस. जुन्या गिऱ्हाइकांना, पोटुश्या बायकांना, आजाऱ्याला उजव्या हाताचा ग्लास, बाकीच्यांना डाव्याचा. कुणाला हा फरक कळत नसे. मला कळायचा, आणि मी मनातल्या मनात हिशेब मांडायचो की पायाचं हाड घेतलं असतं तर आज सहा म्हशी असत्या. मनातल्या मनात तरी कुठलं, तोंडावरही म्हणायचो. "डॉक्टर सांगत होते." तू उत्तर म्हणून उजव्या हातानं एक ग्लास काढायचास आणि माझ्या पुढ्यात आदळायचास.

तुझ्या त्या मनगटाचा गल्लीला केवढा अभिमान. मी एकदा शाळेच्या प्रयोगशाळेतनं लोहचुंबक आणला, गल्लीतली पोरं जमवली, आणि सगळ्यांसमोर तुझ्या वणावर टेकवला. चुंबक खाली पडला. परत टेकवला, परत पडला. तुझा चेहरा उतरला. "डाक्टरनं फसवलं व्हय रं? आत लाकूड घातलंय का काय?" मी विज्ञानाच्या मास्तरांना विचारून आलो की काही जातीच्या न गंजणाऱ्या पोलादाला चुंबक धरतच नाही. तुला पटलं. पोरांना पटलं नाही. पुढं कित्येक दिवस ती तुला "लाकडी हात" म्हणायची, आणि तू ते खोटं ठरवायला दारावर मनगटानं टकटक करायचास.

थंडीत तू तो हात म्हशीच्या कुशीला लावून बसायचास. मी विचारायचो, "काय, फेस कसा काय?" तू म्हणायचास, "येतोय की." हात दुखतो का, हे मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. इतकं बोलणारे आपण दोघं, गल्लीला ऐकू जाईल असे बोलणारे, आणि मधे एवढी मोठी गप्प जागा. ती आता कुठं मला दिसते. कट्ट्यावर तुझ्या डाव्या बाजूला मी बसायचो, उजवा हात तुझ्या पलीकडं असायचा.

त्या सकाळी तू चहाला उठलाच नाहीस. त्याबद्दल मला काही लिहिता येत नाही.

रक्षेच्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर राख सावडताना तुझं पोलाद निघालं. निळसर काळं पडलेलं, एका बाजूला लांब खिळा, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत टोक. घाटावरचा माणूस म्हणाला, "हे काय ओ पावणं? आदी काढायचं इसरला व्हय?" मी लगेच मास्तर झालो. हे कुठल्या हाडाच्या जागी होतं, डाव्याचं माप घेऊन कसं घडवलं, सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत होता. वैनी पुढं आल्या. "द्या हिकडं." त्यांनी ते पदरात घेतलं, फिरवून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "भावजी, हे तर वाकतच न्हाय."

वाकत नव्हतंच ते. त्याला कुठं बिजागरी नव्हती. एकसंध पोलाद. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की हाताची बारकी हाडं या गुळगुळीत टोकावर सरकतील. मी ते विसरून गेलो होतो आणि इतकी वर्षं समजत होतो की वाकणारी वस्तू त्यांनी तुझ्यात बसवली आहे.

"मग वाकत कशानं हुतं?" वैनींनी विचारलं.

त्यांनी ते राखेबरोबरच त्याच कापडात बांधलं. तुझे जावईबापू म्हणाले आठवण म्हणून ठेवूया. वैनी म्हणाल्या, "त्यांचं हाय ते. त्यांच्यासंगट जाऊ दे." गेलं.

घरी येताना त्या माझ्याबरोबर चालत होत्या. रस्त्यात मधेच म्हणाल्या, "दुखायचं हो. रोज. उजवा हात झाला की घरी येऊन गरम पाण्यात घालून बसायचे. दात आवळून."

"मला कधी बोलला नाही."

"तुमास्नी कसं बोलतील? तुमी जिंकला असता की."

आण्णा, मी रस्त्यात उभा राहिलो. मागनं सायकलवाला ओरडला. मला राग आला, तुझाच. मग हसू आलं. मग जे आलं ते वैनींना दिसू नये म्हणून मी चपलेचा अंगठा बघत खाली वाकलो. म्हणजे मी जिंकत होतो तर. इतकी वर्षं मी जिंकत होतो, आणि तू रोज संध्याकाळी दात आवळून चार-पाच ग्लास काढून मला हरवत होतास. त्यांतला पहिला बहुतेक माझाच असायचा. मी म्हणायचो फेस कमी आहे, आणि पिऊन टाकायचो.

आता मला एकच कळायला हवं होतं. फेस मनगटातनं येतो का? येत असेल तर तुझं दुखणं सार्थकी लागलं. म्हशीचा असेल तर तू उगाच सोसलंस, आणि हे मी तुला हजार वेळा सांगितलं होतं. सोपी गोष्ट आहे. बघायचं आणि ठरवायचं. म्हणून काल संध्याकाळी मी गंगावेशीत गेलो.

तुझ्या जागेच्या पलीकडं आता पोर्ले गावचा एक नवा गवळी बसतो, तरणाबांड, मुठी नांगराच्या मुठीसारख्या. मी त्याच्या अगदी शेजारी जाऊन उभा राहिलो. म्हशीपासून हातभर अंतरावर, हे तू लक्षात घे. त्यानं मला ओळखलं नाही. "पावणं, जरा मागं सरा, लाथ घालंल."

"राहू दे. एक ग्लास दे."

त्यानं ग्लास धरला. आचळाला हात घातला. पहिली धार तांब्यात सोडली. आता दुसरी ग्लासात जाणार होती, आणि त्याचं मनगट हलतं की नाही ते मला दिसणार होतं. चष्मा पुसून ठेवला होता. उजेडही होता.

मी तोंड फिरवलं. रस्त्याकडं बघत उभा राहिलो. एक टांगा चालला होता, त्याच्या घोड्याच्या कानात लाल गोंडे होते. ते मी इतकं लक्ष देऊन बघितलं की आजही चित्र काढून दाखवीन. मागं ग्लासात धार वाजत होती. आधी पातळ, मग भरीव, मग फेसात बुडालेली.

"पावणं," तो गवळी म्हणाला, "हिकडं बगा की. फेस बसतोय."

मी न बघता हात मागं केला, ग्लास घेतला आणि प्यायलो.